शस्त्रकर्मगृहातील धूर आणि परिचारकांचे रक्षण

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अग्निकर्माची साधने, त्यांचा योग्य काल, प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध यांची लक्षणे हे सर्व आपण पदवी परीक्षेसाठी पाठ केले आहे. याच अध्यायाच्या अखेरीस आचार्यांनी धूमोपहताचे, म्हणजे धुराने पीडित झालेल्या माणसाचे वर्णन केले आहे. श्वास लागणे, शिंका, कास, डोळ्यांची आग व लाली, निःश्वासाला धुराचा वास येणे, गंध व रस यांचे ज्ञान नाहीसे होणे, ऐकू कमी येणे, तृष्णा, दाह, ज्वर आणि शेवटी मूर्च्छा असा तो क्रम आहे. या भागावर परीक्षेत प्रश्न क्वचितच येत असे. त्यामुळे बहुतेकांनी तो चाळून सोडून दिला. आम्हीही त्यांतलेच.

आचार्यांच्या नजरेसमोर बहुधा आगीत सापडलेला रुग्ण असावा, शस्त्रकर्म करणारा वैद्य नव्हे, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या अध्यायात धातू जाळून रोग बरा करण्याची विद्या सांगितली, त्याच अध्यायात धुराच्या उपद्रवांचीही चिकित्सा सांगितली, ही गोष्ट आज आपल्यापैकी अनेकांना नव्याने वाचावी लागणार आहे. कारण अग्नी आता शलाकेतून नव्हे, तर विजेच्या तारेतून आपल्या शस्त्रकर्मगृहात येऊन पोहोचला आहे.

बोस्टन येथे १ ऑक्टोबर १९२६ रोजी हार्वे कुशिंग या शल्यविशारदांनी विल्यम बोवी यांचे विद्युत्-दहन यंत्र प्रथम वापरले. त्याच यंत्राचे वंशज, ज्यांना आपण सर्वजण 'कॉटरी' म्हणतो, आज तालुक्याच्या गावातील लहान रुग्णालयातही असतात. आमच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचेच पाहा. मंचरला उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये, आणि पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना खासगी रुग्णालयांची रांग. या खासगी रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून, शस्त्रकर्माच्या वेळी साहाय्यक म्हणून उभे राहणारे बहुसंख्य तरुण हे आपले बी.ए.एम.एस. पदवीधर असतात. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची सूची प्रसिद्ध केली, त्यांत शल्याची ३९ व शालाक्याची १९ होती. त्या सूचीवरून देशभर वाद झाला, संप झाले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. शस्त्रकर्म कोणी करावे यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या वेळी टेबलाशेजारी उभी राहणारी माणसे काय श्वासात घेतात, यावर त्या वादात आमच्या वाचनात एक ओळही आली नाही.

या धुराचे स्वरूप काय ते पाहू. कॉटरीच्या टोकाशी ऊतींतील पेशी क्षणार्धात तापून फुटतात. त्यातून उठणाऱ्या धुरात सुमारे ९५ टक्के पाण्याची वाफ असते. उरलेल्या ५ टक्क्यांत सारा अनर्थ आहे. त्यात पेशींचे तुकडे, रक्ताचे सूक्ष्म कण, जिवंत वा मृत जंतू, आणि बेंझीन, टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलीन, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड अशी रसायने सापडली आहेत. विटभट्टीच्या किंवा मोटारीच्या धुरातली ही नावे आहेत, आणि आपण ती बंद खोलीत, रुग्णाच्या उघड्या व्रणावर वाकून श्वासात घेत असतो.

कणांचा आकार हा यातील कळीचा मुद्दा होय. कॉटरीच्या धुरातील कणांचा सरासरी आकार सुमारे ०.०७ मायक्रॉन आढळला आहे. लेसरच्या धुरातील कण सुमारे ०.३ मायक्रॉनचे. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर कॉटरीचा कण तिच्या हजाराव्या भागाएवढा ठरतो. आपला नेहमीचा तीन पदरी शस्त्रकर्म-मास्क मुख्यतः आपल्या तोंडातून उडणारे थेंब रुग्णाच्या व्रणावर पडू नयेत म्हणून घडवलेला आहे. तो ५ मायक्रॉनच्या आसपासचे व त्याहून मोठे थेंब अडवतो, आणि गालांच्या बाजूने तर उघडाच असतो. धुराचा कण त्यातून, किंवा त्याच्या कडेने, सहज आत जातो आणि फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. 'मास्क घातला आहे ना?' असे विचारून आपण जे समाधान मानतो, ते रुग्णाच्या रक्षणाचे समाधान आहे, स्वतःच्या नव्हे.

जपानमधील टोमिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजमाप केले. एक ग्रॅम ऊती लेसरने जाळल्यास निघणाऱ्या धुराची जनुकदोषकारक शक्ती तीन सिगारेटींच्या धुराएवढी, आणि कॉटरीने जाळल्यास सहा सिगारेटींएवढी आढळली. २०१२ मध्ये ब्रिटनमधील प्लास्टिक सर्जरीच्या शस्त्रकर्मगृहासंबंधी असाच हिशेब प्रसिद्ध झाला. तेथील दिवसभराचा धूर २७ ते ३० सिगारेटींच्या बरोबरीचा निघाला. सिगारेटशी केलेली ही तुलना वाचकाला चटकन समजते, म्हणून ती फार उद्धृत होते. परंतु तिचा अर्थ बेताने घ्यावा. खोलीतील सर्व धूर एकाच माणसाच्या छातीत जात नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासातून २००७ मध्ये असे दिसले, की शस्त्रकर्मगृहात वर्षानुवर्षे काम केलेल्या परिचारिकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले नव्हते. म्हणून 'कॉटरीच्या धुराने कर्करोग होतो' असे आज छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि आम्ही म्हणणारही नाही. डोकेदुखी, डोळे चुरचुरणे, घसा धरणे, मळमळ, कास आणि मुळात दमा असल्यास त्याचा वेग वाढणे, या तक्रारी मात्र निर्विवाद आहेत.

एका बाबतीत तर पुरावा याहून ठोस आहे. ती बाब म्हणजे चर्मकील. गुदप्रदेशातील व गुह्यांगावरील चर्मकील मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतात, हे आपण जाणतो. चर्मकिलांवर लेसर चालवल्यावर उठणाऱ्या वाफेत त्या विषाणूचा जनुकीय अंश अखंड सापडतो, हे १९८८ मध्ये दाखवले गेले. १९९१ मध्ये नॉर्वेतील एका ४४ वर्षांच्या शल्यचिकित्सकाची हकीकत प्रसिद्ध झाली. ते गुदप्रदेशातील चर्मकिलांवर लेसर उपचार करीत असत. त्यांच्या स्वरयंत्रातच त्या विषाणूच्या ६ व ११ या प्रकारांच्या गाठी उद्भवल्या. २००३ मध्ये जर्मनीतील एका शस्त्रकर्मगृह परिचारिकेला असाच स्वरयंत्राचा विकार झाल्याचे नोंदले गेले, आणि तो तिचा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य झाला. २०१३ मध्ये दोन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या घशाच्या कर्करोगाच्या हकीकती प्रसिद्ध झाल्या. दोघांच्याही गाठींत या विषाणूचा १६ वा प्रकार सापडला होता. चार माणसे म्हणजे काही फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. परंतु गुदविकारांची चिकित्सा हेच ज्यांच्या रुग्णालयाचे मुख्य काम, अशा आपल्या शेकडो वैद्यांनी या चार माणसांकडे दुर्लक्ष करणे बरे नाही. अर्श, भगंदर, परिकर्तिका यांच्या रुग्णांबरोबर गुदप्रदेशी चर्मकिलाचा रुग्णही आपल्याकडेच येतो, आणि लाजेमुळे तो पुण्याला जाण्याऐवजी गावातल्या वैद्यालाच प्रथम दाखवतो.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या छोट्या रुग्णालयात दर मंगळवारी शल्यतंत्राचे पदव्युत्तर सहकारी शस्त्रकर्मासाठी येतात, आम्ही साहाय्य करतो. खोली साधारण बारा फूट बाय चौदा फूट. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद केलेल्या, भिंतीवर एक वातानुकूलन यंत्र. शस्त्रकर्मगृहात सामान आणून देणे, प्रकाशझोत फिरवणे, सक्शनची नळी धरणे ही कामे करणाऱ्या मावशी आदिवासी पट्ट्यातल्या आहेत. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करण्याच्या दिवसांत त्या आठवडाभर रजा घेतात. पाच-सहा वर्षे आमच्याकडे आहेत. मंगळवारी संध्याकाळी त्यांचे डोके दुखते, हे आम्हांला ठाऊक होते. उपवास, चहा न मिळणे, दिवसभर उभे राहणे अशी कारणे आम्हीच परस्पर लावून टाकली होती. एकदा सहज धुराचा विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, चुलीपुढं जल्म गेला माझा. ह्या धुराचं काय घेऊन बसलात?"

हे उत्तर ऐकून आम्ही गप्प बसलो, आणि तीच आमची चूक झाली. चुलीचा धूर पचवलेल्या माणसाला दुसरा धूर बाधत नाही, हा समज आपल्याही मनात कोठेतरी असतो. वस्तुस्थिती उलट आहे. जिची छाती पहाटे चुलीपुढे आधीच धुराने भरते, तिच्यावर मंगळवारचा धूर वर चढतो.

पुढे २०२० साल उजाडले. करोनाच्या काळात शस्त्रकर्माच्या धुरातून विषाणू पसरेल काय, या शंकेने जगभरच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी धूर शोषून घेण्याविषयी सूचना काढल्या. आम्हीही घाबरून कॉटरीच्या टोकाजवळ सक्शनची नळी धरण्याची शिस्त लावली. धूर टेबलावर दिसेनासा झाला. आम्ही निश्चिंत झालो. मावशींचे डोके मात्र दुखतच राहिले. काही महिन्यांनी फरशी पुसताना सक्शन यंत्राच्या मागच्या जाळीतून येणारा वास त्यांनीच आमच्या लक्षात आणून दिला. जळक्या मांसाचा तोच वास. टेबलावरचा धूर नळीतून बाटलीत, बाटलीतून यंत्रात, आणि यंत्रातून सरळ खोलीत बाहेर पडत होता. यंत्र ठेवले होते टेबलाखाली, मावशींच्या पायाशी. शल्यचिकित्सकाच्या नाकाखालचा धूर आम्ही उचलून मावशींच्या नाकाखाली नेऊन ठेवला होता, इतकेच काय ते साधले.

ही गोष्ट आम्ही सविस्तर सांगितली, कारण तालुक्याच्या रुग्णालयांत सर्वत्र हीच चाकाची सक्शन यंत्रे आहेत आणि सर्वत्र हेच घडत असले पाहिजे. मोठ्या शहरी रुग्णालयात भिंतीतून येणारी सक्शनची नलिका असते, तिचा पंप दुसरीकडे असतो. आपल्याकडे पंप खोलीतच असतो. सबब बाटली आणि यंत्र यांच्यामध्ये गाळणी बसवल्याखेरीज सक्शनने धूर काढला असे म्हणूच नये. अशी गोल चपटी गाळणी अनेक यंत्रांबरोबर येते, पण ती यंत्राच्या रक्षणासाठी असते; एकदा ओली झाली की हवा अडते, मग कोणीतरी ती काढून फेकते आणि नवी बसवत नाही. आमचीही तशीच गेली होती. धुरासाठी जी गाळणी वापरायची ती सूक्ष्म कण अडवणारी हवी, तिच्यावर बसवल्याची तारीख लिहिलेली हवी, आणि बदलताना हातमोजे घालून, संसर्गयुक्त कचरा समजूनच तिची विल्हेवाट लावावी.

थोड्या धुरासाठी असे सक्शन पुरेसे आहे. अधिक धुरासाठी नाही. सक्शनची नळी अरुंद असते, तिच्यातून हवा फारशी वाहत नाही. धुरासाठी स्वतंत्र शोषक यंत्र येते. त्याची नळी रुंद असते, आत अतिसूक्ष्म गाळणी असते, जी ०.१२ मायक्रॉनचे कणही ९९.९९९ टक्के अडवते, आणि वास व वायू शोषण्यासाठी कोळशाचा थर असतो. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९६ मध्येच सांगून ठेवले आहे, की शोषक नळीचे तोंड धूर उठतो तेथून दोन इंचांच्या आत असावे. दोन इंच म्हणजे तीन बोटे. हात थोडा मागे गेला की धूर निसटतो. म्हणून नळी धरणाऱ्याचे लक्ष दुसऱ्या कामात नसावे. मंगळवारी ज्या मावशींकडे आम्ही नळी देऊन दर पाच मिनिटांनी 'जरा ते उचला' असे सांगत होतो, त्यांच्याकडून ती तीन बोटांवर कशी राहणार?

मुळात धूर कमी निघावा हे शस्त्र धरणाऱ्याच्या हाती आहे. कॉटरीची शक्ती लागेल तेवढीच ठेवावी. टोकावर जळलेला थर साचला की तोच पुन्हा पुन्हा जळून अधिक धूर देतो. ते टोक वरचेवर स्वच्छ करावे. जेथे शस्त्राने छेद आणि धाग्याने बंध पुरेसा आहे, तेथे केवळ सोयीसाठी जाळू नये. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सुश्रुताचार्यांनी शस्त्र व अनुशस्त्रांत क्षाराला श्रेष्ठ म्हटले, आणि पुढच्याच अध्यायात क्षाराहूनही अग्नीला श्रेष्ठ म्हटले, कारण अग्नीने दग्ध झालेले रोग पुन्हा उद्भवत नाहीत. रोगाच्या बाजूने हा क्रम योग्यच आहे. परिचारकाच्या बाजूने विचार केला, तर भगंदरात क्षारसूत्राला धूर नाही, हा त्याचा गुण आजवर कोणी मोजला नाही.

खोलीतल्या हवेविषयी थोडक्यात. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवते. बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. शस्त्रकर्मगृहात तासाला किमान वीस वेळा हवा बदलावी आणि त्यांपैकी चार वेळा ताजी असावी, असे अमेरिकन मानक आहे. आपल्या बारा बाय चौदाच्या खोल्यांत ते लगेच साधेल असे आम्हांला वाटत नाही. म्हणूनच धूर उगमापाशीच पकडणे आपल्यासाठी दुप्पट महत्त्वाचे ठरते.

मास्कचा विषय औषध दुकानदार सभासदांसाठी लिहीत आहोत. चर्मकिलाचे शस्त्रकर्म, आणि जास्त कॉटरी लागणारे कोणतेही शस्त्रकर्म, यासाठी एन-९५ किंवा भारतीय मानक आय.एस. ९४७३ मधील एफ.एफ.पी.-२ या प्रतीचा मास्क लागतो. तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढी असल्यास बसत नाही. झडप असलेला मास्क शस्त्रकर्मगृहात देऊ नये, कारण त्यातून घालणाऱ्याचा उच्छ्वास न गाळता रुग्णाच्या व्रणावर जातो. करोनानंतर कोठारात उरलेला माल विकण्यापूर्वी त्याची मुदत व रबर तपासावे; ताणले की तुटणारा पट्टा म्हणजे मास्क नव्हे. आणि हेही सांगावे लागेल, की सर्वांत चांगला मास्कसुद्धा कण अडवतो, वायू अडवत नाही. बेंझीनला तो सोयरा आहे. त्यामुळे शोषण आधी, मास्क नंतर, हा क्रम उलटू नये. चर्मकिलाच्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा हे वेगळे सांगायला नको.

लसीचीही नोंद घेतो. या विषाणूच्या सतत सहवासात असणाऱ्या चिकित्सकांनी लस घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील गर्भाशयमुखरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली; ती ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध असून ९ ते २६ या वयोगटासाठी आहे. आपल्याकडे काम करणाऱ्या तरुण परिचारिका व नवपदवीधर वैद्य बहुधा याच वयाचे असतात. त्यांना ही माहिती देणे रुग्णालयाच्या मालकाचे काम आहे.

बाह्यरुग्ण विभागातील अग्निकर्माकडेही वळले पाहिजे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात दिवसभर क्रेट उचलणारे हमाल वातकंटकासाठी, भातलावणीत अनवाणी वावरणारे शेतकरी कदरासाठी आपल्याकडे येतात. शलाकेच्या बिंदुदहनाचा धूर अल्प असतो, त्याची भीती बाळगू नये. कदर व चर्मकील यांतला भेद मात्र आधी करावा. पायाच्या तळव्यावरचा चर्मकीलही विषाणूजन्यच असतो. त्याला कदर समजून पंख्याखाली जाळणे म्हणजे धूर साऱ्या खोलीत, बाकावर बसलेल्या पुढच्या रुग्णापर्यंत पसरवणे होय. पंखा बंद करावा, खिडकी उघडावी, नळी जवळ धरावी.

धूपनाविषयी लिहिताना आपल्याच माणसांचा थोडा रोष पत्करावा लागेल. सर्षप, निंबपत्र, घृत, लवण यांचा रक्षोघ्न धूप आचार्यांनी व्रणितागारासाठी सांगितला आहे, आणि आम्ही तो वापरतो. त्याच अध्यायात व्रणिताने वारा, ऊन, धूळ, धूर यांचे अतिसेवन टाळावे असेही सांगितले आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत. औषधी द्रव्याचा असला तरी धूप हा धूरच असतो. रिकाम्या खोलीत धूपन करावे, धूर निघून गेल्यावर माणसांना आत सोडावे. गुग्गुळाच्या वासाने कॉटरीचा वास झाकणे ही तर शुद्ध फसवणूक होय. वास गेला, कण तेथेच राहिले.

काही वैद्यमित्र विचारतात, की आचार्यांनी धूमोपहताची चिकित्सा सांगितलीच आहे, मग ती करावी. इक्षुरस, द्राक्षा, दूध, शर्करोदक यांनी वमन, नंतर कवल, नंतर शिरोविरेचन, लघु व स्निग्ध आहार असा तो क्रम आहे. ज्याला खरोखर धुराने गुदमरून लक्षणे झाली, त्याच्यासाठी प्राणवायू व तातडीचे उपचार आधी, ही गोष्ट कोणी विसरू नये. मंगळवारच्या डोकेदुखीसाठी कवल व नस्य देऊन पाहायला हरकत नाही, आम्हीही दिले. आराम वाटतो. पण दर मंगळवारी धूर द्यायचा आणि दर बुधवारी नस्य द्यायचे, याला चिकित्सा म्हणत नाहीत. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला पाठ आपणच रुग्णांना रोज ऐकवतो.

आमच्याकडे आता सक्शन यंत्र दाराबाहेर ओट्यावर ठेवले आहे, नळी भिंतीतून छिद्र पाडून बाहेर नेली आहे, आणि मध्ये गाळणी आहे. चर्मकिलाचे शस्त्रकर्म स्वतंत्र शोषक यंत्र येईपर्यंत आम्ही घेत नाही. रुग्णाला चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवतो, त्याची लाज समजावून घेऊन. नळी धरण्यासाठी दुसरी व्यक्ती असते, तिला अन्य काम सांगायचे नाही असा दारावर कागद लावला आहे. गाळणी मिळवणे हेच अवघड गेले. मंचर, नारायणगावच्या दुकानांत ती नव्हती, पुण्याहून मागवावी लागली, दोन मंगळवार वाट पाहण्यात गेले. दुकानदार सभासदांनी या गाळण्यांचा आणि झडप नसलेल्या एन-९५ मास्कचा थोडा साठा दोन्ही तालुक्यांत ठेवला, तर गाळणी ओली झाल्याच्या दिवशीच ती बदलता येईल.